पुस्तकबांधणी करणारा पोरगा, वाया गेलेली काच आणि सुपरकंडक्टरचे फोटो

ठरावीक थंडीत विजेला अजिबात विरोध न करणारा पदार्थ म्हणजे सुपरकंडक्टर. त्याच्या पातळ फिल्ममध्ये चुंबकीय क्षेत्र नेमकं कुठून घुसतं, याचे आज चक्क फोटो काढता येतात. हे तंत्र ज्याच्या शोधावर उभं आहे, तो लंडनमधल्या लोहाराचा मुलगा होता. नाव मायकेल फॅरेडे.

जन्म २२ सप्टेंबर १७९१. घरात गरिबी, शाळा जेमतेम. १४व्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात कामाला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचूनही काढायचा. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पोराने टिपणं काढली, स्वतः बांधली आणि थेट डेव्हींना पाठवली. पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीसाची नोकरी मिळाली. डेव्हींसोबतच्या युरोप दौऱ्यात मात्र फॅरेडेंना घरगड्याचीही कामं करावी लागली. पुढे त्यांचं नाव होऊ लागलं, तेव्हा रॉयल सोसायटीतल्या त्यांच्या निवडीला विरोध केला तो याच डेव्हींनी. तरी १८२४ मध्ये ते निवडून आलेच.

१८३१ चा, जनरेटरमागचा शोध आपण शाळेत शिकतो. इथे महत्त्वाची आहे ती काच. दुर्बिणींसाठी चांगली काच बनवायचं काम फॅरेडेंवर सोपवलं गेलं. त्यात वर्षं गेली, हाती फारसं लागलं नाही. उरले ते शिसं मिसळलेल्या जड काचेचे तुकडे.

सप्टेंबर १८४५ मध्ये त्यांनी तसलाच एक तुकडा ताकदवान विद्युतचुंबकाजवळ ठेवला आणि त्यातून एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश सोडला. चुंबक सुरू केला की ते प्रतल किंचित फिरायचं. प्रकाश आणि चुंबकत्व यांचं नातं पहिल्यांदा प्रयोगात दिसलं!

आज सुपरकंडक्टरच्या फिल्मवर गार्नेटचा पातळ थर ठेवून हेच करतात. जिथे चुंबकीय क्षेत्र आहे, तिथे प्रकाशाचं प्रतल फिरतं आणि ती जागा उजळ दिसते. क्षेत्र कडेकडून आत सरकताना दिसतं. फिल्मला तडा असेल तर तोही उमटतो. यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड हा त्यातला नावाजलेला पदार्थ. त्याला ‘उच्च तापमानाचा’ म्हणतात, पण उणे १८० अंशांच्या आसपास थंड केल्यावरच तो चालतो. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या यवतमाळकरांना हे नाव म्हणजे थट्टाच वाटेल.

फॅरेडेंनी ‘सर’ हा किताब नाकारला, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते गेले. सुपरकंडक्टिव्हिटी सापडली ती त्यानंतर ४४ वर्षांनी, नेदरलँड्समधल्या लायडनला, गोठवलेल्या पाऱ्यात.