डब्यावरचा आचारी

अमेरिकेतल्या घरोघरी पोहोचलेल्या तयार पास्त्याच्या डब्यावर पांढरी उंच टोपी घातलेला एक मिशाळ, हसरा आचारी असतो. तो जाहिरातवाल्यांनी कल्पिलेला असेल असे अनेकांना वाटते. पण हा माणूस खरोखरच होऊन गेला. त्याचे नाव एत्तोरे बोयार्दी. अस्सल इटालियन जेवण आणि त्याचा अमेरिकी अवतार यांतला फरक मला पाककृतींच्या पुस्तकांपेक्षा त्याच्या आयुष्यात अधिक स्वच्छ दिसतो.

एत्तोरेचा जन्म १८९७ साली उत्तर इटलीतल्या पिआचेंझा प्रांतातला. तिथे पावाचा चुरा आणि पीठ मळून केलेले चिमुकले गोळे घेवड्याच्या दाण्यांबरोबर खातात. नाताळात सारण भरलेला पास्ता कढत सुपात वाढतात. पास्ता दाताला किंचित लागला पाहिजे, सॉस त्याला माखेल एवढाच हवा आणि मांसाचा पदार्थ नंतर, वेगळ्या ताटलीत. पलीकडच्या प्रांतात गेलात की चव बदलते.

१६ वर्षांचा एत्तोरे १९१४ साली न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला आणि हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत राबू लागला. तोवर नेपल्स, सिसिलीकडची लाखो गरीब माणसे तिथे आली होती. मायदेशी सणासुदीलाच दिसणारे मांस इथे रोज परवडत होते. साहजिकच गोळे मोठे झाले, सॉस वाढला आणि दोन्ही स्पॅगेटीवर येऊन बसले. स्पॅगेटी-मीटबॉल्सचा जन्म हा असा, भुकेल्यांच्या सुबत्तेतून झाला. त्याला भेसळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढे क्लीव्हलंडमध्ये एत्तोरेने स्वतःचे रेस्टॉरंट काढले. गिऱ्हाइके सॉस घरी मागू लागली, तेव्हा तो दुधाच्या बाटल्यांत भरून देई. त्यातूनच १९२८ मध्ये कारखाना उभा राहिला. आडनाव कोणाला उच्चारता येईना, म्हणून त्याने ते फोडून ‘बॉय-आर-डी’ असे छापले. स्पॅगेटी, सॉस आणि किसलेले चीज एकत्र बांधून तो विकी. मंदीच्या वर्षांत अनेक कुटुंबांना हे स्वस्त जेवण आधार वाटले. मात्र डबाबंद पास्त्याची गोष्ट निराळी. सीलबंद डबा टिकण्यासाठी चांगलाच तापवावा लागतो आणि त्यात पास्ता मऊ पडतोच. एत्तोरेच्या गावी मुरलेला पहिला नियमच तिथे मोडला.

दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी कारखाना रात्रंदिवस चालला. युद्ध संपताच ती मागणी आटली. वाढलेल्या कामगारांचे काय करायचे, हा प्रश्न समोर होता. १९४६ मध्ये त्याने कंपनी एका मोठ्या उद्योगाला विकली. बँकेत मी कितीतरी ताळेबंद पाहिले. त्यांत नावलौकिकालाही रुपयांत किंमत लावलेली असते. पण नाव एकदा विकले, की त्याखाली काय वाढायचे यावर आपला शेवटचा शब्द राहत नाही. जाहिरातींत एत्तोरे नंतरही झळकत राहिला. मालक मात्र दुसरे होते.

१९८५ साली ८७व्या वर्षी तो वारला, तोही पार्मा गावी. हे पार्मा अमेरिकेच्या ओहायो राज्यातले. इटलीतले पार्मा त्याच्या जन्मप्रांताच्या शेजारी आहे. दोन्ही गावे खरी आहेत. एकीच्या पत्त्यावर दुसरी शोधू नये, एवढेच.