उदगीरच्या रणातील सेनानी : इब्राहिमखान गारदी

देवणीच्या मुलांना उदगीर परके नाही. देवणी हा स्वतंत्र तालुका होण्यापूर्वी आपली कचेरीची, कोर्टाची सारी कामे तेथेच होत असत. उदगीरचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. परंतु ज्या लढाईमुळे उदगीरचे नाव हिंदुस्थानच्या इतिहासात गेले, त्या लढाईत एका मुसलमान सेनानीचा मोठा वाटा होता, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असते. त्यांचे नाव इब्राहिमखान गारदी.

इब्राहिमखान दख्खनमध्ये वाढले, ते शिपाईगिरीतच. फ्रेंच सेनापती बुसी १७५१ पासून निजामाच्या दरबारी होता. त्याच्या हाताखाली इब्राहिमखानांनी कवायती फौजेची विद्या आत्मसात केली. अशा कवायती पायदळाला लोक गारदी म्हणत. १७५८ मध्ये बुसी परत गेला. पुढे इब्राहिमखानांनी निजामअलीची चाकरी केली व ती सुटल्यावर ते पेशव्यांच्या सेवेत आले. त्यांची पारख करून त्यांना जवळ केले ते सदाशिवरावभाऊंनी.

त्यांच्या विद्येचे मोल कळण्यासाठी त्या काळची बंदूक समजून घेतली पाहिजे. ती ठासणीची बंदूक होती. लोहार लोखंडाची पट्टी तापवून गजाभोवती वळवीत, सांधा ठोकून जुळवीत आणि नळी तयार करीत. तिला लाकडी दस्ता बसवीत. प्रत्येक बंदूक हाताने घडलेली असे. बार भरताना नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालावयाची व गजाने ठासावयाची, नंतर कानाशी रंजक घालावयाची. जुन्या बंदुकीला जळता तोडा लावून बार काढीत. पावसात तोडा विझला की बंदूक म्हणजे नुसती काठी! गारद्यांजवळ चकमकीच्या बंदुका असत. चाप ओढताच गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे. नळीच्या टोकाला संगीन लावली की तीच बंदूक भाल्याचे काम देई.

तरीही एकट्या माणसाच्या हातात ही बंदूक फारशी उपयोगी नव्हती. शंभर पावलांपलीकडे तिचा नेम भरवशाचा नसे, आणि बार उडाला की पुन्हा भरेपर्यंत शत्रू अंगावर येई. उपाय एकच होता, तो म्हणजे तालीम. शिपायांनी रांगा धरावयाच्या, हुकूम होताच एकदम बार काढावयाचा, एक रांग भरीत असता दुसरीने तयार राहावयाचे. रोजच्या सरावाने कसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढू शके. समोरून घोडदळ दौडत येत असता रांग न मोडता शांतपणे दारू ठासणे, ही साधी गोष्ट नव्हे. इब्राहिमखानांनी आपल्या शिपायांना हेच शिकविले.

३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरजवळ निजामाचा पराभव झाला. मराठ्यांच्या घोडदळाला इब्राहिमखानांच्या तोफांची व बंदुकांची जोड मिळाली होती. सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, बुऱ्हाणपूर यांसारखी ठाणी पेशव्यांना मिळाली. तेवढ्यात दत्ताजी शिंदे बुराडीघाटावर पडल्याची बातमी दक्षिणेत आली. मार्च महिन्यात आपल्याच मराठवाड्यातील परतूरहून भाऊंची फौज उत्तरेकडे निघाली. इब्राहिमखानही निघाले. दिल्ली व कुंजपुरा घेताना त्यांच्या तोफांनी कामगिरी बजावली.

इब्राहिमखानांचा एक हट्ट मात्र अनेकांना खुपत असे. आपल्या शिपायांचा पगार दरमहा, वेळेवर मिळालाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. फौजेत पगार थकणे ही त्या काळी नित्याची बाब होती. इतर सरदारांना लूटमुभा असे, मुलूखही असे. गारद्यांना पगाराखेरीज आधार नव्हता. भाऊ या तगाद्याने अनेकदा नाराज होत. पानिपतच्या छावणीत दोन महिन्यांहून अधिक काळ उपासमार झाली, घोडी-बैल मेले. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी इब्राहिमखान भाऊंना मुजरा करावयास गेले. पगारासाठी आपण आजवर रुष्ट होता, परंतु तो पगार वाया गेलेला नाही हे आज दाखवितो, अशा आशयाचे बोलून ते रणात उतरले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने ही हकीकत नोंदवून ठेवली आहे.

मराठी फौजेची डावी बाजू त्यांच्याकडे होती. समोर रोहिले होते. गोल करून, तोफा व बंदुका पुढे ठेवून, एकजुटीने सरकावयाचे अशी योजना होती. गारद्यांनी बार काढीत, संगिनी रोखीत रोहिल्यांची फळी फोडली व हजारो लोक पाडले. पण शेजारच्या घोडेस्वारांनी घाईने गोल मोडून पुढे धाव घेतली, आणि योजनेचा मेळ बिघडला. गारदी आपली जागा सोडून हटले नाहीत. त्यांच्या पलटणी जवळजवळ संपल्या. इब्राहिमखानांना भाल्यांच्या जखमा झाल्या, गोळीही लागली, आणि ते शत्रूच्या हाती सापडले.

समोरच्या फौजेत त्यांचेच धर्मबांधव होते. एक मुसलमान सेनानी मराठ्यांकडून लढला, याचा त्या छावणीत विशेष राग होता. शुजाउद्दौल्याने त्यांना आसरा दिला, परंतु अब्दालीच्या मागणीपुढे त्याचे चालले नाही. इब्राहिमखान त्याच्या स्वाधीन झाले व कैदेतच त्यांचा अंत झाला. जखमांवर औषधाऐवजी विष लावण्यात आले व सातव्या दिवशी ते गेले, असे काशीराज लिहितो.

आपल्या समाजातील पालकांनी हे चरित्र मुलांना अवश्य सांगावे. इब्राहिमखान कोणा मोठ्या जहागिरीचे वारस नव्हते. त्यांची दौलत म्हणजे त्यांची विद्या. ती त्यांनी परदेशी उस्तादाकडून घेतली, आपल्या माणसांना दिली, आणि तिच्या जोरावर मानाचे स्थान मिळविले. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी त्यांनी अखेरपर्यंत इमान राखले. हाताखालच्या गरीब शिपायाच्या हक्कासाठी ते धन्यापुढेही बोलले, आणि कसोटीची वेळ आली तेव्हा घेतलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब त्यांनी रणात चुकता केला. हक्क मागावा तो असा, आणि कर्तव्य करावे तेही असेच. विद्यार्थ्यांनी पुढल्या वेळी उदगीरचा किल्ला पाहावयास जाताना या सेनानीची आठवण मनात ठेवावी.