शॉक खाऊन शहाणा झालेला माणूस : बेंजामिन फ्रँकलिन

दिवाळी सरली की आपल्या बुलढाणा जिल्ह्याची हवा कोरडी पडू लागते. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात आणि हॉस्टेलच्या खोलीत अंधारात स्वेटर काढला की चटचट ठिणग्या उडतात. याच दिवसांत कुणीतरी गाडीतून उतरतो, दार लावायला हात पुढे करतो आणि चटका बसल्यासारखा मागे घेतो. मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. वायरिंग तपासून घे, बॅटरी लीक असेल, इलेक्ट्रिशियनला दाखव! खरं सांगायचं तर त्या शॉकचा आणि बॅटरीचा काडीचाही संबंध नसतो.

या शॉकचा हिशोब जगाला ज्याने नीट मांडून दिला, तो इंजिनिअर नव्हता की प्रोफेसर नव्हता. जेमतेम दोन वर्षे शाळेत गेलेला तो छापखान्यातला माणूस होता. त्याचं नाव बेंजामिन फ्रँकलिन.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेत बोस्टन शहरात झाला. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. घरात एकूण सतरा भावंडं, त्यात हा पंधरावा. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. भावाशी पटेना, म्हणून सतराव्या वर्षी, १७२३ साली, पळून फिलाडेल्फियाला गेला. खिशात फारसे पैसे नाहीत, ओळखीचं कुणी नाही. पण हातात कला होती. काही वर्षांत स्वतःचा छापखाना, स्वतःचं वर्तमानपत्र आणि पुढे घरोघरी खपणारं पंचांग, असा त्याचा जम बसला.

हॉस्टेलवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट त्याने १७३१ मध्ये केली. पुस्तकं महाग, एकट्याला परवडणारी नाहीत. म्हणून मित्रांना जमवलं, वर्गणी काढली आणि सार्वजनिक वापराची लायब्ररी उभी केली. पुढे याच लायब्ररीला लंडनच्या पीटर कॉलिन्सन नावाच्या व्यापाऱ्याने एक काचेची नळी भेट पाठवली. कापडाने घासली की तिच्यातून ठिणग्या निघायच्या. झालं! चाळिशीच्या उंबरठ्यावरचा हा गृहस्थ त्या नळीच्या नादी लागला, तो असा की १७४८ साली त्याने छापखान्याचा कारभार भागीदारावर सोपवला आणि स्वतः प्रयोगांसाठी मोकळा झाला. तेव्हा वय होतं ४२.

त्याचा एक प्रयोग फार साधा, पण आपल्या गाडीच्या शॉकचं सगळं मर्म त्यात आहे. दोन माणसांना मेणाच्या जाड थरावर उभं केलं, म्हणजे जमिनीशी त्यांचा संबंध तुटला. पहिल्याने नळी घासली, दुसऱ्याने त्या नळीजवळ बोट नेऊन तिच्यावरची वीज घेतली. तिसरा जमिनीवर उभा. पहिल्याने तिसऱ्याला हात लावला तर ठिणगी. दुसऱ्याने लावला तरी ठिणगी. पण पहिल्या दोघांनी एकमेकांना हात लावला तर ठिणगी त्याहून मोठी, आणि त्यानंतर दोघांपैकी कुणाकडेच काही शिल्लक नाही!

फ्रँकलिनने यातून निष्कर्ष काढला की घासल्याने वीज तयार होत नाही, ती फक्त इकडून तिकडे जाते. एकाकडे जास्त झाली तेवढीच दुसऱ्याकडे कमी. जास्तीला त्याने प्लस म्हटलं, कमीला मायनस. आपण आज सर्किटमध्ये घालतो ती प्लस-मायनसची चिन्हं त्याचीच. 'बॅटरी' हा शब्दही विजेच्या संदर्भात त्यानेच रूढ केला. फक्त प्लस कुणाला म्हणायचं, हा त्याचा अंदाज उलटा निघाला. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडला तो मायनसचा, त्यामुळे करंटची दिशा एकीकडे आणि इलेक्ट्रॉन दुसरीकडे. व्हायवात आपली जी दांडी उडते, तिचं मूळ हे असं अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे.

आता त्या मेणावरच्या दोघांच्या जागी गाडीची सीट आणि आपण, असं समजा. सिंथेटिक सीट कव्हर आणि पॉलिएस्टरचे कपडे एकमेकांवर घासतात, चिकटतात. बसलेले असेपर्यंत दोन्हीकडचे चार्ज जवळजवळ असतात, म्हणून काही जाणवत नाही. आपण उठून सीटपासून वेगळे झालो की ते दूर होतात आणि अंगावरचं व्होल्टेज काही हजारांवर जातं. पायात रबरी सोलचे बूट, म्हणजे तोच मेणाचा थर. जमिनीत जायला वाट नाही. मग दाराच्या पत्र्याजवळ बोट गेलं की सगळा चार्ज एका टोकातून उडी मारतो. व्होल्टेज मोठं असलं तरी चार्ज अगदी थोडा, म्हणून जिवाला धोका नाही, नुसता चटका. पावसाळ्यात हा त्रास होत नाही, कारण दमट हवेत पृष्ठभागांवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि चार्ज त्यावरून गुपचूप निघून जातो.

उपायही त्याच प्रयोगात आहे. पहिल्या दोघांनी आधीच हात धरून ठेवले तर ठिणगी कुठून येणार? म्हणून उतरताना सीटवरून उठण्याआधीच दाराच्या चौकटीचा उघडा पत्रा पूर्ण पंजाने धरायचा आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहीपर्यंत सोडायचा नाही. चार्ज जसा साठेल तसा परत जातो, कळतसुद्धा नाही. रंग दिलेला किंवा प्लॅस्टिकचा भाग धरून उपयोग नाही. विसरलात तर किल्लीचा धातूचा भाग घट्ट धरून तिचं टोक पत्र्याला लावा. ठिणगी किल्लीच्या टोकावर पडेल, बोटावर नाही. सुती कपडे आणि सुती सीट कव्हर असतील तर चार्ज मुळातच कमी साठतो. गाडीच्या मागे रबरी पट्टा लोंबता ठेवणारेही भेटतात. पण पट्टा फारतर गाडीचा चार्ज जमिनीत नेईल. आपल्या अंगावरचा कसा नेणार?

ही वरवर गंमत वाटते, पण पेट्रोल पंपावर ती गंमत राहत नाही. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण पेटायला एक मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते आणि अंगावरच्या ठिणगीत त्याहून जास्त ऊर्जा असू शकते. म्हणून पेट्रोल भरताना गाडीत आत-बाहेर करू नये आणि नळी हातात घेण्याआधी पत्र्याला हात लावावा. डेपोत टँकर भरताना आधी अर्थिंगची वायर जोडतात, तीही याचसाठी.

फ्रँकलिन स्वतः मात्र एकदा चांगलाच फसला. १७५० सालच्या डिसेंबरमध्ये त्याने लोकांसमोर विजेच्या झटक्याने टर्की कोंबडा मारून दाखवायचं ठरवलं. दोन मोठ्या लेडन जार पूर्ण चार्ज केल्या होत्या. गप्पांच्या नादात त्याचा एक हात वरच्या तारांना लागला आणि दुसऱ्या हातात बाहेरच्या बाजूची साखळी होती. सगळा डिस्चार्ज अंगातून गेला. क्षणभर शुद्धच हरपली, हात आणि मान बधिर झाली, छाती पुढे बरीच दुखली. कोंबडा वाचला! त्याला या प्रकाराची लाज वाटली, तरी काय घडलं ते सारं त्याने पत्रात तपशीलवार लिहून ठेवलं.

त्याची नजर आभाळातल्या विजेकडेही वळली होती. टोकदार सुई चार्ज झालेल्या गोळ्याजवळ नेली तर ठिणगी न पडता चार्ज हळूहळू उतरतो, हे त्याने पाहिलं होतं. मग इमारतीवर टोकदार लोखंडी सळई लावून ती जमिनीत नेली तर? मे १७५२ मध्ये फ्रान्समध्ये त्याच्या सूचनेवरून ढगातली वीज सळईवर उतरवण्याचा प्रयोग यशस्वी झाला आणि जूनमध्ये त्याने पतंगाचा प्रसिद्ध प्रयोग केला. पतंगावर वीज पडली अशी समजूत आहे, ती चूक. पडली असती तर तो जिवंत राहिला नसता. ढगाळ हवेतला थोडा चार्ज ओल्या दोरीवरून किल्लीपर्यंत उतरला, इतकंच. पुढच्याच वर्षी, १७५३ मध्ये, रशियात जॉर्ज रिचमन हा शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना मेला, कारण त्याची सळई जमिनीला जोडलेली नव्हती.

लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याच १७५३ साली फ्रँकलिनला कॉप्ली पदक दिलं. तडितवाहकाचं पेटंट मात्र त्याने घेतलं नाही. कृती आपल्या पंचांगात छापून सगळ्यांना फुकट वाटली. पुढे तो राजकारणात गेला, १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. एकेकाळी त्याच्या घरी गुलाम होते. म्हातारपणी मात्र तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. १७ एप्रिल १७९० रोजी, ८४ व्या वर्षी तो गेला.

मित्रांनो, आपल्या देशात आजही वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. त्यात शेतात काम करणारे किती असतात, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. गाडीच्या दारातली ठिणगी आणि कपाशीच्या वावरावर कोसळणारी वीज, दोन्ही एकाच जातीच्या. फरक फक्त आकाराचा. चार्ज साठणं आपल्या हातात नाही, पण त्याला आधीच सोपी वाट करून देणं आपल्या हातात आहे. उतरताना पत्रा धरायची सवय लावून घ्या. आणि सुट्टीत गावी गेलात की बघा, शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या इमारतीवर तडितवाहक आहे का, आणि असला तर त्याची पट्टी खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते का. अर्ध्यावर तुटलेली पट्टी म्हणजे काय, ते रिचमनला विचारा!