कर्तव्य मोठे की देश? : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट तात्यापाऱ्यातील जुन्या मंडळींना ठाऊक असेलच. सोलापूरचा एक डॉक्टर चीनला गेला आणि तिथेच वारला, एवढे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. मला मात्र त्यांच्या चरित्रातील एक प्रश्न नेहमी विचारात पाडतो. स्वतःचा देश पारतंत्र्यात असताना हा तरुण परक्यांच्या लढाईत का थांबून राहिला?

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. हे गाव स्वातंत्र्यलढ्यात तावून सुलाखून निघालेले. १९३० साली इंग्रजांनी तिथे मार्शल लॉ पुकारला आणि जानेवारी १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी दिली. द्वारकानाथ तेव्हा वीस वर्षांचे होते. पुढे मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले.

१९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ चे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. डॉ. अटल प्रमुख. त्यांच्यासोबत डॉ. बसू, डॉ. मुखर्जी, सर्वांत तरुणांपैकी एक डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर. नागपूर व आपले रायपूर तेव्हा एकाच मध्य प्रांतात होते, म्हणून या नावाचा आपल्याला विशेष अभिमान वाटावा.

सप्टेंबर १९३८ मध्ये पथक मुंबईहून बोटीने निघाले. तेव्हा कर्तव्य आणि देशप्रेम यांत भांडण नव्हते. स्वतः गुलाम असलेला देश दुसऱ्या पीडित देशाला हात देतो, ही त्या काळची देशसेवाच होती.

पेच पुढे पडला. चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी आली. घरी आई, भावंडे. सोबतचे डॉक्टर एकेक करून परतू लागले. द्वारकानाथ परतले असते, तर कोणी नाव ठेवले नसते.

आम्हा रेल्वेवाल्यांचा एक साधा नियम आहे. स्टेशन मास्तर असो की गेटमन, रिलीव्हर येऊन चार्ज घेईपर्यंत जागा सोडायची नाही, मग ड्यूटी संपलेली का असेना. डिप्लोमा करून मी नोकरीला लागलो तेव्हा हा नियम पहिल्यांदा अंगवळणी पडला. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर होते आणि तिथे त्यांना रिलीव्हर नव्हता. त्याच भागात काम करणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रियेत बोट कापून झालेल्या जंतुसंसर्गाने नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले होते. १९४० च्या लढाईत कोटणीसांनी ७२ तासांपर्यंत न झोपता शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात. १९४१ साली ते बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक झाले. चिनी भाषा शिकून तिच्यातच ते विद्यार्थ्यांना शिकवीत. त्याच वर्षी तेथील परिचर्या शिक्षिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

खरी कसोटी १९४२ ची. ऑगस्टमध्ये मुंबईत ‘चले जाव’ची घोषणा झाली. दोनच आठवड्यांनी, २३ ऑगस्टला, कोटणीसांना मुलगा झाला. नाव ठेवले यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. इकडे आपले लोक इंग्रजांच्या तुरुंगात जात होते, तर त्याच महायुद्धात इंग्रज हे चीनचे दोस्त झाले होते. ज्या सुभाषबाबूंनी पथक धाडले, ते देशाच्या मुक्तीसाठी पुढे १९४३ च्या मे महिन्यात जपानला पोहोचले. कोटणीसांचे रुग्ण मात्र जपानी गोळ्यांनी जखमी झालेले. देशप्रेम दोघांचेही अस्सल, पण युद्धाने दोन वाटा कुठल्या कुठे नेल्या! कोटणीसांनी राजकारणाकडे पाठ फिरवली असेही नाही. जुलै १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. पण रोजच्या कामात त्यांचा निर्णय समोरच्या जखमेपाशी होत असे.

शरीराने साथ सोडली. अपस्माराचे झटके येत असतानाही काम चालूच होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. तो वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ साली तरुणपणीच गेला. गुओबाई २०१२ पर्यंत होत्या. त्याच वर्षी सोलापुरात कोटणीसांचे घर स्मारक म्हणून खुले झाले.

मग कर्तव्य मोठे की देश? मला वाटते, कोटणीसांनी यातले एक निवडून दुसरे टाकले नाही. देशाने त्यांच्या हाती एक काम सोपवले होते आणि ते काम अर्ध्यावर टाकून परतणे त्यांना देशप्रेम वाटले नाही. त्याची किंमत आईने मोजली, पत्नीने मोजली, हेही आपण विसरू नये.

आपणही गाव सोडून इकडे छत्तीसगडात रुजलो. जिथे काम, तिथली माणसे आपली, हे आपल्या वाडवडिलांनी करून दाखवले. या गणेशोत्सवात त्या सोलापूरकर डॉक्टरांना आपल्या सर्वांचे विनम्र अभिवादन.