गव्हाच्या तांबेऱ्याचा माग काढणारे डॉ. करमचंद मेहता

मित्रांनो, आपल्या भित्तिपत्रकात आपण राजांची, संतांची आणि पुढाऱ्यांची चरित्रे लिहितो. मी आज एका शास्त्रज्ञाचे चरित्र लिहीत आहे. त्यांचे नाव डॉ. करमचंद मेहता. पिकांच्या रोगांच्या अभ्यासात त्यांचे नाव मोठे आहे. गुरुजींनी मला त्यांची माहिती सांगितली. त्याचे कारण आमचे शेत.

मागच्या साली आमच्या शेतात कापूस उशिरापर्यंत उभा होता. म्हणून लोकवन गहू आपल्या दत्ताच्या यात्रेच्या सुमारास पेरला. गहू ओंबीवर आला तेव्हा मी शेतात फिरून आलो, तर माझी चड्डी तांबडी झाली. पानांवर आणि खोडावर विटकरीच्या भुकटीसारखे फोड होते. आबा त्याला गेरवा म्हणतात. पुस्तकात तांबेरा म्हणतात. बाबांनी औषध आणून फवारले, पण तोवर पाने वाळत आली होती. औषधाचे पैसे फुकट गेले. दाणे चिमलेले निघाले. माय ते पाखडत बसली तर सुपात निम्मा भुसाच उरला. बाबांना वाटले की रोग काडातच राहतो. म्हणून त्यांनी सगळे काड जाळून टाकले.

मी गुरुजींना विचारले की हा रोग उन्हाळ्यात कुठे लपतो. गुरुजी म्हणाले की हाच प्रश्न मेहतांना पडला होता.

करमचंद मेहता यांचा जन्म १८९२ साली अमृतसर येथे झाला. ते आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे ते इंग्लंडात केंब्रिजला शिकून परत आले. तांबेरा ही एक बुरशी आहे. तिचे बीजाणू इतके बारीक असतात की ते सूक्ष्मदर्शकातूनच दिसतात. एका फोडात असे हजारो बीजाणू असतात. गव्हाचा तांबेरा तीन प्रकारचा असतो. काळा, तपकिरी आणि पिवळा. पिवळ्याला थंडी लागते. आपल्याकडे काळा आणि तपकिरी येतो.

त्या काळी युरोप-अमेरिकेत काळा तांबेरा दारुहळदीच्या जातीच्या झुडपावरून गव्हावर येत असे. अमेरिकेत तर १९१८ पासून अशी लाखो झुडपे उपटून टाकली. मग भारतातही तसेच असेल का? मेहतांनी नुसते मानून घेतले नाही. त्यांनी वर्षानुवर्षे तपासले. आपल्याकडे त्या झुडपाचा गव्हाच्या रोगाशी संबंध नाही असे त्यांना दिसले. मग त्यांनी मैदानातल्या उन्हाळ्यात बीजाणू जगतात का ते पाहिले. ते उन्हाने मरून जातात. पण डोंगरावर थंड हवा असते. तिथे उन्हाळ्यातही गहू असतो, काही पेरलेला आणि काही आपोआप उगवलेला. त्यावर तांबेरा जिवंत राहतो. शिमल्याच्या डोंगरातही त्यांनी काम केले. ठिकठिकाणी काचेच्या पट्ट्या हवेत ठेवून त्यांवर बसलेले बीजाणू मोजले. अशा रीतीने हिमालयातून आणि दक्षिणेतल्या निलगिरी व पळणी डोंगरांतून वाऱ्याबरोबर रोग येतो हे त्यांनी सिद्ध केले. डोंगरावर उन्हाळ्यात गहू पेरू नये, असेही त्यांनी सुचवले. त्यांनी आपला मोठा अहवाल १९४० साली लिहिला. १९५० साली त्यांचे निधन झाले. पुढच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाची ढगांची चित्रे पाहून दाखवले की बंगालच्या उपसागरातल्या वादळाच्या वाऱ्यातून आणि पावसातून हे बीजाणू मध्य भारतात उतरतात.

निलगिरी आपल्या सारंगखेड्यापासून हजार किलोमीटरहून लांब आहे! तिथला रोग आमच्या शेतात आला हे ऐकून मला फार नवल वाटले. मी घरी गेलो आणि सगळे सांगितले. आबा आधी हसले. मग म्हणाले की आपल्या वैशाखात माणूस टिकत नाही, तर बुरशी काय टिकेल. बाबा गप्प बसले. काड जाळले नसते तर ते शेतातच कुजून खत झाले असते.

वारा कोणाला अडवता येत नाही. मग शेतकऱ्याने काय करावे? गुरुजींनी सांगितले ते मी लिहितो.
१. गहू १५ नोव्हेंबरच्या आत पेरावा.
२. रोगाला टिकणारे वाण घ्यावे. निफाडच्या संशोधन केंद्राने त्र्यंबक आणि तपोवन असे वाण काढले आहेत.
३. युरिया जास्त देऊ नये.
४. दर आठवड्याला पाने पाहावीत. पहिले फोड दिसताच कृषी सहायकांना विचारून औषध फवारावे. डब्यावर लिहिले असेल तेवढेच घ्यावे.
५. फवारताना तोंडाला फडके बांधावे, हातमोजे घालावेत आणि वाऱ्याकडे पाठ करावी. मुलांनी जवळ जाऊ नये.

यंदा बाबा काड जाळणार नाहीत. बियाणे तपोवनचे आणायचे ठरले आहे. दर रविवारी पाने उलटून पाहायचे काम माझ्याकडे दिले आहे. तांबडी भुकटी दिसली की मी पळत घरी सांगायला येणार. मेहतांनी एका प्रश्नाचा पिच्छा सोडला नाही म्हणून आमच्या घरी हे कळले. म्हणून ते मला फार आवडतात.

पालकांनो, तुमच्या गव्हावर भुकटी दिसली तर आम्हालाही सांगा. आम्ही वर्गात नोंद ठेवणार आहोत.

इयत्ता चौथी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, सारंगखेडा