शर्यत त्याने १९६३ साली जिंकली, ट्रॉफी घरी आली २०२१ साली

रील्स बघता बघता ही क्लिप तुमच्यासमोर कधी ना कधी आलीच असेल. तीस-चाळीस गाड्या एकमेकींना जवळपास चिकटून तुफान वेगाने गोल गोल फिरतायत, एकीचा तोल जातो आणि तिच्यामागे वीस गाड्यांचा खुर्दा. खाली कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न असतो, की ही मंडळी नुसती डावीकडेच का वळतात?

तर हे नॅस्कार. अमेरिकेतली स्टॉक कार रेसिंगची सगळ्यात मोठी स्पर्धा. फॉर्म्युला वनची गाडी मुद्दाम शर्यतीसाठीच बनवतात. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममध्ये मिळणारी साधी गाडी. बिल फ्रान्स नावाच्या माणसाने १९४८ साली नॅस्कार स्थापन केली, तेव्हा कल्पना हीच होती, की प्रेक्षक ज्या गाडीतून शर्यत बघायला येतो तसलीच गाडी ट्रॅकवर धावली पाहिजे. आज ते फक्त नावापुरतं उरलंय, आतून ती पूर्ण रेसिंग कारच असते.

या खेळाच्या जन्माची कथा मात्र आपल्याला समजायला अजिबात अवघड नाही.

मुंबई प्रांतात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि हातभट्टीला सोन्याचे दिवस आले. ट्रकच्या ट्यूबमध्ये भरून दारू शहरात कशी पोहोचायची, याच्या कथा जुनी माणसं अजून सांगतात. वसई-विरारच्या खाडीकाठी तिवरांत लपवलेल्या भट्ट्यांवर पोलिसांच्या धाडी पडल्याच्या बातम्या तर आपण आजही वाचतो. अमेरिकेच्या दक्षिणेत अगदी हेच चालायचं. तिथे देशभराची दारूबंदी १९३३ साली उठली, पण कर चुकवून गावठी पाडायचा धंदा थांबला नाही. रात्री डोंगरातून माल उचलायचा, दिवे बंद करून गाडी पळवायची आणि पोलिसांना गुंगारा द्यायचा. त्यासाठी गाडी बाहेरून साधी आणि आतून राक्षस लागायची. कुणाची गाडी जास्त पळते, ही पैज रविवारी मातीच्या मैदानात लागायला लागली आणि तिथून स्टॉक कार रेसिंगला बाळसं आलं.

याच धंद्यातून एक माणूस शर्यतीत आला. वेंडेल स्कॉट.

२९ ऑगस्ट १९२१ रोजी व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल गावात त्याचा जन्म झाला. डॅनव्हिल म्हणजे साधंसुधं गाव नव्हे. गुलामगिरी टिकवण्यासाठी जी दक्षिणेची राज्यं अमेरिकेपासून फुटून लढली, त्यांची शेवटची राजधानी हे गाव. आणि वेंडेल कृष्णवर्णीय होता.

त्याचे वडील गोऱ्या घरांत ड्रायव्हर आणि मेकॅनिक होते. पोराने इंजिनाचं काम तिथेच बघून उचललं. डॅनव्हिलच्या कृष्णवर्णीय पोरांपुढे दोनच वाटा असायच्या, कापड गिरणी नाहीतर तंबाखूचा कारखाना. दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं नाही, हे त्याने लहानपणीच ठरवलं होतं. सायकलवरून गोऱ्या पोरांशी शर्यती लावणं हा त्याचा आवडता उद्योग. शाळा अर्धवट सुटली. मग टॅक्सी चालवली, १९४३ साली मेरीशी लग्न केलं, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात मेकॅनिक म्हणून युरोपला जाऊन आला आणि परतल्यावर गॅरेज टाकलं.

वालीव-सातिवलीकडच्या गॅरेजमध्ये एखादा मिस्त्री नुसता आवाज ऐकून सांगतो बघा, की इंजिनात काय बिघडलंय. वेंडेल त्या जातीचा कारागीर होता. पण गॅरेजवर घर चालेना, म्हणून रात्री दारूच्या खेपा सुरू झाल्या. गाडी स्वतःच बांधलेली, त्यामुळे पोलिसांच्या हाती लागायचा नाही. १९४९ साली एकदा सापडला, तर तीन वर्षं नीट वागण्याच्या अटीवर तुरुंगातून वाचला. खेपा काही थांबल्या नाहीत.

झालं असं की, १९५२ साली डॅनव्हिलच्या मैदानावर शर्यती भरवणाऱ्यांचा गल्ला जमेना. प्रेक्षक कमी पडत होते. गोऱ्या ड्रायव्हरांच्या मधे एक काळा ड्रायव्हर सोडला तर गंमत म्हणून गर्दी होईल, अशी आयडिया कुणालातरी सुचली. आता असा ड्रायव्हर आणायचा कुठून? आयोजक थेट पोलिसांकडे गेले. पोलिसांना उत्तर शोधावं लागलं नाही. ज्याला आपण रात्री-अपरात्री पकडू शकत नाही, त्याचंच नाव त्यांनी दिलं.

मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सगळ्यात कडू वाटतो. त्याला बोलावलं ते तमाशा म्हणून.

२३ मे १९५२ रोजी तो पहिल्यांदा धावला. काही जणांनी हुर्यो उडवली, गाडीही मधेच बंद पडली. पण त्याला आपलं काम सापडलं होतं. दुसऱ्याच दिवशी तो गाडी ओढत नॅस्कारच्या शर्यतीला विन्स्टन-सेलम गावी पोहोचला. काळ्या माणसाला प्रवेश नाही, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. हवं तर गाडी गोऱ्या ड्रायव्हरला चालवायला दे, हा वर सल्ला. तो परत फिरला. काही दिवसांनी हाय पॉइंट गावातही तेच.

मग त्याने छोट्या गावांतल्या, नॅस्कारबाहेरच्या शर्यती धरल्या. त्यात जिंकायला लागला. शेवटी रिचमंडच्या मैदानावर एका स्थानिक पंचाने स्वतःच्या अधिकारात त्याला नॅस्कारचं लायसन्स देऊन टाकलं. वरच्या साहेबांना ते फारसं रुचलं नाही म्हणतात, पण कागद हातात आला होता. एकदा एका आयोजकाने बाकी सगळ्यांना पेट्रोलचे पैसे दिले आणि याला वगळलं. तेव्हा त्याने थेट बिल फ्रान्सला गाठलं. फ्रान्सने स्वतःच्या खिशातून पैसे काढून दिले आणि इथे तुला इतरांसारखीच वागणूक मिळेल, असा शब्दही दिला.

तो शब्द पुढे नऊएक वर्षांनी तपासला गेला.

१९५९ साली त्याने व्हर्जिनिया राज्याचं अजिंक्यपद मिळवलं आणि १९६१ साली नॅस्कारच्या सर्वोच्च गटात उतरला. इथे फोर्ड, क्रायस्लरसारख्या कंपन्यांच्या पैशांवर चालणारे संघ होते. याच्याकडे होती जुनी गाडी, जुने टायर आणि पोरं. मुलगे वेंडेल ज्युनियर आणि फ्रँक टायर बदलायचे, पेट्रोल भरायचे. माणसं कमी पडली की तो स्वतः गाडीतून उतरून हात लावायचा आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसायचा. काही ड्रायव्हर त्याला मुद्दाम ठोकायचे. उलट ठोकलं तर गाडीची दुरुस्ती आपल्याच खिशातून होणार आणि दंगल झाली तर बाहेर आपणच जाणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तो मागे हटून पुढची जागा शोधायचा.

आता १९६३ साल. १० जूनला डॅनव्हिलमध्ये समान हक्कांसाठी जमलेल्या कृष्णवर्णीय निदर्शकांवर पोलिसांनी लाठ्या आणि पाण्याचे फवारे सोडले. गावात तो दिवस रक्तरंजित सोमवार म्हणून ओळखला जातो. २२ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. त्यानंतर नऊ दिवसांनी, १ डिसेंबरला, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये शर्यत होती.

अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक आणि २०० फेऱ्या, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर. विरारला निघून गुजरातेत बिलीमोऱ्यापर्यंत जाण्याइतकं अंतर, पण सगळं एकाच गोल खड्डाळ मैदानात. वेंडेलकडे नेड जॅरेट या ड्रायव्हरकडून घेतलेली जुनी शेव्हरोले होती, नंबर ३४. शेवटच्या पंचवीस फेऱ्या उरल्या असताना रिचर्ड पेटीची गाडी रखडली आणि वेंडेल पुढे गेला. हा तोच पेटी, ज्याच्या नावावर पुढे नॅस्कारमधले सर्वाधिक २०० विजय लागले.

वेंडेलच्या २०० फेऱ्या पूर्ण झाल्या. चौकड्यांचा झेंडा हललाच नाही.

तो पळवत राहिला. आणखी एक फेरी झाली, आणखी एक झाली. मग झेंडा पडला तो बक बेकरच्या गाडीवर. ट्रॉफी बेकरला, फोटो बेकरचे, टाळ्याही बेकरला. वेंडेलने तक्रार नोंदवली. फेऱ्यांची मोजदाद पुन्हा झाली आणि सुमारे दोन तासांनी अधिकाऱ्यांनी मान्य केलं, की वेंडेल दोन फेऱ्यांनी पुढे होता. तोवर मैदान रिकामं झालं होतं. बेकर ट्रॉफी घेऊन गेला होता. विजेत्याचे हजार डॉलर वेंडेलला मिळाले आणि पुढे केव्हातरी एक स्वस्तातली लाकडी ट्रॉफी हातात टेकवली गेली.

मोजणीत चूक झाली, हे अधिकृत उत्तर. वेंडेल आणि त्याच्या घरच्यांनी ते कधीच मानलं नाही. त्या काळी विजेत्याला ट्रॉफी द्यायला एक सुंदरी उभी असायची आणि ती विजेत्याच्या गालावर ओठ टेकवायची. दक्षिणेत शाळा, हॉटेलं, बसच्या जागा रंगावरून वेगळ्या होत्या. गोरी मुलगी आणि काळा विजेता हे दृश्य प्रेक्षक सहन करणार नाहीत, दंगल होईल, अशी भीती आयोजकांना वाटली, असं वेंडेलचं ठाम मत होतं.

इथे प्रेक्षकांबद्दल थोडं बोललं पाहिजे. दहा वर्षांत स्टँडमधले बरेच गोरे लोक त्याचे चाहते झाले होते. फाटक्या सामानानिशी येऊन कंपन्यांच्या गाड्यांना भिडणारा माणूस कुणाला आवडत नाही? शिव्या देणारेही होते, नाही असं नाही. पण त्या दिवशी स्टँडमधली माणसं नेमकी काय करणार होती, हे कुणी बघितलंच नाही. त्यांच्या वतीने निर्णय आधीच झाला होता.

त्यानंतरही तो दहा वर्षं धावला. १९६६ साली गुणतक्त्यात सहावा आला. एकूण ४९५ शर्यती, १४७ वेळा पहिल्या दहात आणि विजय फक्त तो एकच. मोठा प्रायोजक कधीच मिळाला नाही. १९७३ साली कर्ज काढून त्याने जरा बरी गाडी घेतली आणि मे महिन्यात टॅलाडेगाच्या ट्रॅकवर वीसेक गाड्यांच्या अपघातात तिचा चुराडा झाला. बरगड्या, कंबरेचं हाड, पाय, सगळं मोडलं. त्याच वर्षी शार्लटला एकदा शेवटचा उतरला, बारावा आला आणि गॅरेजमध्ये परतला.

१९७७ साली हॉलिवूडने त्याच्यावर ग्रीज्ड लाइटनिंग नावाचा सिनेमा काढला, वेंडेल झाला होता विनोदवीर रिचर्ड प्रायर. २३ डिसेंबर १९९० रोजी कॅन्सरने त्याचं निधन झालं, डॅनव्हिलमध्येच.

गोष्ट इथे थांबत नाही, कारण घरचे थांबले नाहीत. २०१५ साली तो नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, तिथला पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर. ट्रॉफीचा पाठपुरावा सुरूच होता.

दरम्यान स्टँडही बदलत होता. डॅनव्हिलपासून जवळच मार्टिन्सव्हिल नावाचा ट्रॅक आहे. मार्च २०१० मध्ये आपला नारायण कार्तिकेयन नॅस्कारच्या ट्रक मालिकेत पहिल्यांदा धावला तो तिथेच. त्या वर्षीचा लोकप्रिय ड्रायव्हरचा पुरस्कार चाहत्यांच्या मतांनी ठरायचा आणि तो नारायणने नेला. ज्या मालिकेचं नावही आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नव्हतं, तिथे. चार वर्षांनी त्याच ट्रॅकवर बब्बा वॉलेस नावाच्या कृष्णवर्णीय पोराने ट्रकची शर्यत जिंकली, गाडीवर वेंडेलच्या आठवणीत ३४ नंबर लावून.

मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर अमेरिका पेटली. बब्बाने उघड मागणी केली, की दक्षिणेच्या त्या जुन्या फुटीर राज्यांचा झेंडा शर्यतीच्या मैदानात नको. हा झेंडा स्टँडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या फडकत होता. १० जूनला नॅस्कारने त्यावर बंदी घातली. डॅनव्हिलच्या लाठीमाराचीही तारीख तीच, हा निव्वळ योगायोग. काही जुने चाहते भडकले, झेंडे लावून मैदानाबाहेर गाड्या फिरवल्या. काही नव्याने बघायला लागले. बास्केटबॉलचा मायकल जॉर्डन त्याच वर्षी संघमालक झाला आणि बब्बा त्याच्या गाडीत बसला.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी बब्बा सर्वोच्च गटात जिंकला. वेंडेलनंतर असा दुसरा कृष्णवर्णीय ड्रायव्हर यायला ५७ वर्षं लागली. ट्रॅक कुठला? टॅलाडेगा, जिथे वेंडेलची गाडी मोडली होती. जुलै २०२५ मध्ये त्याने इंडियानापोलिसची मानाची शर्यतही मारली.

टॅलाडेगाच्या महिनाभर आधी, २८ ऑगस्ट २०२१ रोजी, डेटोनाच्या मैदानात नॅस्कारने वेंडेलच्या कुटुंबाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी त्याची शंभरावी जयंती होती. शर्यतीआधी, भरल्या स्टँडसमोर, जॅक्सनव्हिलची ट्रॉफी कुटुंबाच्या हातात देण्यात आली. ती घ्यायला पुढे आला होता फ्रँक, एकेकाळी बापाच्या गाडीचे टायर बदलणारा.