मास्तरकी सोडलेला कारखानदार

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव निघाले की नांगर, पंप आणि किर्लोस्करवाडी एवढे मराठी माणसाला चटकन आठवते. कारखानदार होण्यापूर्वी ते एका तंत्रशाळेत मास्तर होते, ही गोष्ट मात्र सहसा विस्मृतीत जाते. वस्तुतः सुरक्षित नोकरी सोडून माणूस उद्योगाकडे का वळतो, याचे उत्तर त्यांच्या भरभराटीच्या काळापेक्षा या आधीच्या वर्षांतच अधिक सापडते.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी जन्मलेल्या या मुलाचे मन शालेय पुस्तकांत रमले नाही. चित्रे काढावीत, यंत्र दिसले की त्याची रचना न्याहाळावी, हाच त्याचा छंद. वडिलांचा विरोध असताना थोरले बंधू रामूअण्णा यांनी पाठबळ दिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे काही काळाने उघडकीस आले की, त्यांच्या दृष्टीला काही रंगांतील भेद कळत नाहीत. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्यावर यापरता आघात कोणता? परंतु रेषेवरील हात पक्का होता आणि यांत्रिक आरेखनाला रंग लागत नाहीत. या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्यांना शिक्षकाची जागा मिळाली.

यंत्रविद्येची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. शिकवता शिकवता शाळेच्या कर्मशाळेत यंत्रे हाताळून त्यांनी ती विद्या मिळवली. तरीही बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाची वर्णी लागली. असे अन्याय त्या राजवटीत असंख्यांच्या वाट्याला आले असतील. संसाराकडे पाहून बहुतेकांनी ते मुकाट्याने गिळले आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. त्यांच्या बाणेदारपणाचे कौतुक करताना हेही ध्यानी घ्यावे की, १८८८ पासून बेळगावात दोघा भावांचे सायकलींचे दुकान उभे होते. बाणेदारपणाला हा आधार नसता, तर निर्णय कदाचित इतका सोपा झाला नसता.

बेळगावात सायकल विकायची म्हणजे आधी ती चालवायला शिकवायची. तेथे मास्तरकी कामी आली. दुरुस्तीतून छोटी कर्मशाळा झाली, कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि पुढे लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपेपर्यंत सुमारे दोन वर्षे गेली. भांडवलाच्या व्याजाकडे डोळे लावून बसणाऱ्या व्यापाऱ्याने हा माल केव्हाच मोडीत काढला असता. मंदबुद्धी समजल्या गेलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा पुन्हा समजावणाऱ्या शिक्षकाची चिकाटी येथे उपयोगी पडली, असे म्हणण्यास जागा आहे.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. बिऱ्हाड उठले. या अडचणीत औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः जाणते चित्रकार होते, मदतीस आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंगाने माजलेल्या, सापांचे वास्तव्य असलेल्या या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसू लागली.

माणसे निवडताना लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्रांना फारसे महत्त्व दिले नाही. शिक्षण अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ ठरले, मंगेशराव रेगे यांनी हिशेबाची घडी बसवली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तर चक्क रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले गेले.

याच लक्ष्मणरावांनी चिरंजीव शंतनुरावांना मात्र १९२२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत शिकायला धाडले. यात विसंगती दिसेल. पण पाहून, हाताळून, चुकून शिकण्याला किती वर्षे मोजावी लागतात, याचा हिशेब त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाजवळ असणार? १९२६ साली शंतनुराव पदवी घेऊन परतले आणि वाडीच्या कारखान्यात कामाला लागले. पुण्यातील ऑईल इंजिनांचा आणि बंगळूरचा विजेच्या यंत्रांचा असे दोन्ही कारखाने १९४६ साली स्थापन झालेले लक्ष्मणरावांनी पाहिले. १९५६ च्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले.